जर्क चिकन, त्रिनिदादचे स्ट्यू चिकन आणि पाडाच्या आंब्याचा साल्सा

जमैका बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, पोर्टलँड परगण्यात, बोस्टन बे हे ठिकाण आहे. तेथे निखाऱ्यांवर पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइस या मसाल्याच्या झाडाच्या, लाकडाचे दांडे आडवे मांडतात, त्यांवर मसाल्यात मुरवलेली कोंबडी किंवा डुकराचे मांस पसरतात, वरून पत्र्याने झाकतात आणि ते धुरात सावकाश शिजू देतात. यालाच जर्क म्हणतात. 1655 मध्ये इंग्रजांनी स्पॅनिशांकडून जमैका घेतले, त्या धामधुमीत गुलामगिरीतून निसटलेले आफ्रिकी वंशाचे लोक डोंगरांत आश्रयाला गेले. पुढे मरून या नावाने ओळखल्या गेलेल्या या समाजाने बेटावरील मूळ टाइनो लोकांची मांस धुरावर शिजवण्याची रीत उचलली आणि रानडुकराचे मांस टिकवण्यासाठी तिला मीठ, मिरची आणि पिमेंटोच्या फळांची जोड दिली. आज किंग्स्टनच्या रस्त्यांवर तेलाची पिंपे उभी कापून केलेल्या शेगड्यांवर कोंबडी भाजतात. तिला पॅन चिकन म्हणतात. उपकरण बदलले तरी धूर, पिमेंटो, मिरची आणि थाइम नावाचा सुगंधी पाला हे चार खांब तेच राहिले आहेत.

फळांचा साल्सा हा मात्र जमैकातील जर्कचा जुना सोबती नव्हे. तेथे जर्कबरोबर फेस्टिव्हल नावाचे किंचित गोड, तळलेले लांबट वडे, कसावा या कंदाची बॅमी नावाची भाकरी किंवा भाजलेला नीरफणस खातात. बारीक चिरलेल्या फळांचा साल्सा ही अलीकडची, मुख्यतः हॉटेलांतून रुळलेली पद्धत आहे. तरीही तिच्यामागचा विचार कॅरिबियन बेटांना परका नाही. त्रिनिदादमध्ये कैरी, अननस किंवा अंबाड्याच्या कुळातील पोमसितेर या फळाच्या फोडींना मीठ, लिंबू, लसूण, तिखट मिरची आणि एक उग्र वासाचा हिरवा पाला लावून चाऊ करतात. साल्सा करताना हा चाऊ डोळ्यांसमोर ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तसे केल्यास तो फळांच्या गोड सॅलडसारखा होत नाही आणि भाजलेल्या मांसासमोर टिकतो.

सामग्रीची निवड

पिमेंटो म्हणजेच ऑलस्पाइस. ही मिऱ्यांपेक्षा थोडी मोठी, गोल, तपकिरी फळे असून त्यांना लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्रित वास येतो. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य यांतही भरपूर असते, म्हणून लवंगेची आठवण सर्वांत आधी होते. आपल्याकडे खरेदी करताना एका गोंधळापासून सावध राहावे लागते. काही दुकानांत ऑलस्पाइसला कबाबचिनी म्हणतात आणि त्याच नावाखाली कंकोळही विकतात. कंकोळाच्या दाण्याला बारीक शेपटीसारखा देठ असतो आणि त्याचा वास कापराकडे झुकतो. ऑलस्पाइसला असा देठ नसतो. शेपटी दिसली तर ते दाणे या कामाचे नाहीत. ऑलस्पाइस अजिबात मिळाले नाही, तर खाली दिलेल्या प्रमाणासाठी 10 लवंगा, दोन इंच दालचिनी, पाव जायफळ आणि एक चहाचा चमचा मिरे एकत्र कुटून घ्यावेत. त्यात धने, जिरे किंवा हळद घालण्याचा मोह टाळावा, कारण त्या क्षणी वाटणाची चव आपल्या ओळखीच्या मसाल्याकडे वळते आणि जर्कचे जर्कपण जाते.

मिरची स्कॉच बॉनेट जातीची असते. तिचा तिखटपणा साधारण 1,00,000 ते 3,50,000 स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचे एकक) इतका असतो, पण तिला जर्दाळूसारखा फळाचा सुगंधही असतो आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. हाबानेरो ही तिची जवळची बहीण. दोन्ही न मिळाल्यास पाच-सहा लवंगी मिरच्या आणि पाव पिवळी ढोबळी मिरची एकत्र वाटावी. लवंगीतून तिखटपणा आणि ढोबळीतून थोडा फळाचा वास मिळतो. ईशान्येकडील भूत जोलोकिया याच कुळातील आहे, पण ती स्कॉच बॉनेटपेक्षा कितीतरी तिखट असल्याने पाव मिरचीही पुरे होते. या मिरच्या हाताळताना हातमोजे घालावेत.

थाइम ताजे असेल तर उत्तमच, सुकेही चालते. तथापि मराठी घरांत सहज असणारी एक वनस्पती येथे मनापासून सुचवावीशी वाटते, ती म्हणजे पानओवा. ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो, तोच पानओवा त्रिनिदादमध्ये स्पॅनिश थाइम या नावाने घराघरांत लावतात आणि कोंबडीच्या हिरव्या वाटणात घालतात. थाइमचा आणि ओव्याचा वास जुळतो, कारण दोघांतही थायमॉल असते. पानओव्याची पाने मात्र उग्र असल्याने मोजून वापरावीत.

चाऊमध्ये घालतात तो हिरवा पाला म्हणजे शॅडो बेनी. त्याची पाने लांब, करवतीसारख्या कडेची असतात आणि वास कोथिंबिरीच्या कित्येक पट तीव्र असतो. त्रिनिदादमधील भारतीय वंशाचे लोक त्याला बनधनिया म्हणतात, म्हणजे रानातली कोथिंबीर. 1845 ते 1917 या काळात सुमारे 1,44,000 भारतीय मजूर करारावर त्रिनिदादला नेले गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील होते. अनोळखी पाल्याला त्यांनी आपल्या भाषेत दिलेले नाव आजही तेथे वापरात आहे. महाराष्ट्रात हा पाला क्वचितच मिळतो, म्हणून देठांसकट भरपूर कोथिंबीर वापरावी. देठांत वास अधिक असतो, ते टाकू नयेत.

जर्कचे वाटण आणि मुरवण

चार माणसांसाठी साधारण 1.2 किलो वजनाच्या, हाडासकट मांडी आणि तंगडीच्या तुकड्या घ्याव्यात. छातीचे मांस लवकर कोरडे पडते, त्यामुळे या पद्धतीला ते योग्य नाही. खाटिकाला कातडी न काढता कोंबडी द्यायला आवर्जून सांगावे. कातडीखालची चरबी वितळत राहते आणि लांब वेळ भाजूनही मांस ओलसर राहते. कॅरिबियन घरांत कोंबडी लिंबू किंवा व्हिनेगर चोळून धुतात. धुवायची असेल तर पातेल्यातल्या पाण्यात धुवावी, वाहत्या नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर कच्च्या मांसातील जंतू ओट्यावर पसरतात. नंतर ती स्वच्छ कापडाने वा कागदाने पूर्ण कोरडी करावी, कारण ओल्या मांसावर वाटण धरत नाही.

दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम, ऑलस्पाइसचे दाणे कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावेत आणि एक चहाचा चमचा मिऱ्यांसह जाडसर कुटावेत. मिक्सरच्या भांड्यात आठ पातीचे कांदे पातीसकट, एक मध्यम कांदा, सहा लसूण पाकळ्या, एक इंच आले, दोन स्कॉच बॉनेट किंवा वर सांगितलेला पर्याय, दहा काड्या थाइमची पाने अथवा पानओव्याची पाच पाने, अर्धा चमचा दालचिनीची पूड, थोडे किसलेले जायफळ, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा गूळ किंवा तपकिरी साखर, दोन लिंबांचा रस, दोन मोठे चमचे तेल आणि दोन सपाट चहाचे चमचे मीठ घालून वाटावे. ऑलस्पाइसऐवजी पर्यायी मिश्रण वापरले असेल, तर दालचिनी, जायफळ आणि मिरे पुन्हा घालू नयेत. वाटण गंधासारखे गुळगुळीत नको. पातीचे आणि मिऱ्याचे कण दिसायला हवेत, कारण तेच निखाऱ्यावर करपून खरपूस पापुद्रा धरतात.

वाटणातील अर्धी वाटी भाग कच्च्या मांसाचा स्पर्श होण्याआधीच बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवावा, तो शेवटी वरून लावण्यासाठी लागतो. उरलेले वाटण तुकड्यांना हाडापर्यंत दोन-तीन चिरा देऊन आत आणि कातडीखाली चोळावे. फ्रिजमध्ये किमान सहा तास आणि शक्य असल्यास रात्रभर मुरू द्यावे. चोवीस तासांपेक्षा अधिक ठेवण्यात लाभ नाही, कारण लिंबाचा आम्ल रस मांसाचा बाहेरचा थर भुसभुशीत करू लागतो. याच कारणाने या वाटणात अननसाचा रस घालू नये. अननसातील ब्रोमेलिन आणि कच्च्या पपईतील पपेन मांसातील प्रथिने तोडतात. कठीण मटणाला त्याचा उपयोग होतो, कोवळ्या कोंबडीचा मात्र रात्रभरात लगदा होतो.

भाजणे

कोळसे पेटवून त्यांवर राखेचा पांढरा थर येईपर्यंत थांबावे, मग ते शेगडीच्या एका बाजूला सारावेत. कोंबडी दुसऱ्या बाजूला, म्हणजे निखाऱ्यांच्या थेट वर येणार नाही अशी, कातडी वर करून जाळीवर मांडावी. गूळ आणि कांदा असलेले वाटण थेट आचेवर पाच मिनिटांत काळे पडते आणि आतले मांस कच्चे राहते. नवशिक्यांचे जर्क बिघडते ते बहुधा येथेच. अर्धा तास पाण्यात भिजवलेले मूठभर ऑलस्पाइसचे दाणे निखाऱ्यांवर टाकावेत. पिमेंटोच्या लाकडाच्या धुराच्या सर्वांत जवळ जाण्याचा हाच उपाय आहे. वरून झाकण हवे. शेगडीला नसेल तर मोठी लोखंडी कढई पालथी घालावी. जस्ताचा मुलामा असलेले भांडे तापवू नये.

अशा आचेवर 45 ते 55 मिनिटे लागतात. दर दहा-बारा मिनिटांनी तुकडे फिरवावेत आणि निखाऱ्याजवळचा तुकडा लांब, लांबचा जवळ असे करावे. शेवटची पाच मिनिटे बाजूला ठेवलेले वाटण लावून तुकडे थेट निखाऱ्यांवर घ्यावेत आणि कडांना काळसर डाग पडेपर्यंत भाजावेत. खाण्यास सुरक्षित होण्यासाठी आतले तापमान किमान 74 अंश सेल्सिअस हवे, पण मांडीचे मांस 82 ते 85 अंशांवर अधिक मऊ लागते, कारण सांध्याजवळचे चिवट तंतू तेव्हाच विरघळतात. तापमापक नसेल तर सांध्याजवळ सुरी खुपसून पाहावी. स्वच्छ, रंगहीन रस आला आणि तंगडीच्या टोकाशी मांस हाडावरून मागे सरकलेले दिसले की झाले.

ओव्हनमध्ये 200 अंशांवर जाळीवर 40 ते 45 मिनिटे ठेवून शेवटी चार-पाच मिनिटे वरची आच लावावी. केवळ गॅस असल्यास जाड बुडाच्या कढईत झाकून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे शिजवावे आणि मग जाळीवर धरून भाजावे. या दोन्ही पद्धतींत धूर नसतो, म्हणून तुकड्यांच्या मध्ये वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर सहा-सात ऑलस्पाइसचे दाणे आणि थेंबभर तेल टाकावे, आणि पाच मिनिटे झाकून धुरी द्यावी.

साल्सा

आंबा कॅरिबियनमध्ये आपल्या बाजूनेच गेला. 1782 मध्ये हिंदी महासागरातील फ्रेंच बेटांवरून कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीकडे निघालेले रोपांनी भरलेले एक जहाज इंग्रजांच्या आरमाराने पकडले आणि ती रोपे जमैकात लावली गेली. रोपांवर नावांऐवजी क्रमांक होते. त्यांतील नंबर इलेव्हन हा आंबा आजही तेथे त्याच नावाने मिळतो. जमैकातील एका लोकप्रिय जातीला तर बॉम्बे हेच नाव आहे. उलट दिशेने अननस आपल्याकडे आला: कोलंबसाने तो 1493 मध्ये ग्वादेलूप बेटावर पाहिला आणि पुढे पोर्तुगीजांनी तो भारतात आणला. अननस हे नावही त्यांच्याकडूनच, मूळ दक्षिण अमेरिकेच्या भाषेतून, मराठीत आले.

साल्सासाठी पूर्ण पिकलेला हापूस घेऊ नये. तो कितीही गोड असला तरी चिरताच त्याचा लगदा होतो, आणि त्याचा गर आमरसातच शोभतो. पाडाला लागलेला, म्हणजे देठाशी पिवळसर झालेला पण दाबल्यास अजून घट्ट असलेला आंबा हवा. तोतापुरी यासाठी उत्तम. परदेशात राहणाऱ्यांना केंट किंवा अताउल्फो मिळतो, तोही जरा कच्चाच निवडावा. असे दोन मध्यम आंबे सोलून साधारण एक सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. अननसाच्या तीन चकत्या एक सेंटिमीटर जाडीच्या कापून जर्कच्याच जाळीवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे भाजाव्यात आणि थंड झाल्यावर तेवढ्याच आकारात चिराव्यात. भाजल्याने त्यांची आम्लता मवाळ होते, कडांवरची साखर करपून खमंग वास येतो आणि साल्सा धुरकट कोंबडीशी जोडला जातो. पपई घालायची तर घट्ट, केशरी गराची एक वाटी पुरे; ती सर्वांत शेवटी अलगद मिसळावी. केळे नको, ते काळे पडते आणि चिकट होते.

एक लहान लाल कांदा अगदी बारीक चिरून दीड लिंबाच्या रसात चिमूटभर मिठासह दहा मिनिटे भिजत ठेवावा. एवढ्या वेळात त्याचा उग्रपणा जातो आणि रसाला गुलाबी रंग येतो. मग त्यात किसलेली एक लसूण पाकळी, बिया काढून बारीक चिरलेली अर्धी स्कॉच बॉनेट किंवा दोन लवंगी मिरच्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट आणि थोडी मिरपूड घालून फळे मिसळावीत. साखर घालू नये. उरलेले मीठ वाढण्याच्या पंधरा मिनिटे आधीच घालावे, कारण मिठाने फळांना पाणी सुटते आणि तासाभरात साल्सा पाणीदार होतो. चव पाहताना नुसता साल्सा चमच्याने खाऊन निर्णय करू नये. कोंबडीच्या तुकड्याबरोबर पाहावा. नुसता खाताना तो थोडा जास्त आंबट आणि खारट वाटला, तरच मांसाबरोबर बरोबर लागतो.

आंब्याचा मोसम नसेल तेव्हा अननस आणि पपई यांवरच साल्सा करावा आणि लिंबू थोडे वाढवावे. डब्यातील पाकातला आंबा वापरू नये.

त्रिनिदादचे स्ट्यू चिकन

शेगडीची सोय नसलेल्यांनी या पदार्थापासून सुरुवात करावी. याचा रंग आणि चव जळत्या साखरेतून येते. आधी हिरवे वाटण करावे: चार पातीचे कांदे, आठ लसूण पाकळ्या, पानओव्याची चार पाने, एक जुडी कोथिंबीर, एक हिरवी मिरची आणि एक लिंबाचा रस. 1.2 किलो कोंबडीच्या रश्श्यासाठी करतात तशा तुकड्यांना यातील चार मोठे चमचे, दीड चहाचा चमचा मीठ आणि मिरपूड लावून किमान दोन तास ठेवावे.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून त्यात तीन मोठे चमचे साखर पसरावी. आपल्याला गूळ घालावासा वाटेल, पण गुळातील अशुद्ध घटक आधी जळतात आणि रंग येण्यापूर्वीच कडवटपणा येतो. साखर प्रथम वितळते, मग मधासारखी होते, नंतर तिला बुडबुडे येतात आणि अखेर गडद तपकिरी फेस पातेल्याच्या कडेने वर चढू लागतो. मधाच्या रंगावर थांबल्यास रस्सा नुसता गोड होतो. फेस काळा पडून धूर सुटल्यास तो कडू होतो आणि मग तो सुधारत नाही, पातेले घासून पुन्हा सुरुवात करावी लागते. या दोहोंमध्ये हाताशी केवळ काही सेकंद असतात, म्हणून कोंबडीचे ताट शेजारी तयार हवे. तुकड्यांवरचे जादा वाटण निथळून ते एकदम घालावेत. तडतडते, तेव्हा चेहरा लांब ठेवावा. पाच मिनिटे परतून प्रत्येक तुकड्याला रंग चढला की झाकण ठेवून पंधरा मिनिटे अंगच्या रसात शिजवावे, मग झाकण काढून रस आटवावा. त्यानंतर एक वाटी गरम पाणी किंवा नारळाचे दूध आणि एक अख्खी, न चिरलेली स्कॉच बॉनेट घालून वीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे. अख्ख्या मिरचीतून सुगंध उतरतो, तिखटपणा फारसा उतरत नाही; ढवळताना ती फुटू देऊ नये आणि वाढण्याआधी काढून ठेवावी.

याच्याबरोबर मात्र गोड साल्सापेक्षा कैरीचा चाऊ अधिक जुळतो, कारण रश्श्यात साखरेची छटा आधीच असते. करकरीत कैरीच्या पातळ फोडींना मीठ, किसलेला लसूण, मिरची, कोथिंबीर आणि थोडे लिंबू लावून अर्धा तास ठेवले की तो तयार होतो.

सोबतचा भात

दोन्ही पदार्थांखाली राइस अँड पीज नावाचा भात शोभतो. पीज म्हणजे येथे बहुधा राजमा. जमैकात नाताळच्या सुमारास मात्र त्याऐवजी गुंगो पीज घालतात, आणि ते म्हणजे आपल्या तुरीचे ओले दाणे. थंडीत तुरीच्या शेंगा बाजारात आल्या की हा भात अवश्य करावा. राजमा वापरायचा तर आठ तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून पूर्ण मऊ शिजवावा. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो. दोन वाट्या धुतलेला लांब दाण्याचा तांदूळ, एक वाटी शिजलेले दाणे, दीड वाटी नारळाचे दूध, दोन वाट्या पाणी, पाच-सहा ऑलस्पाइसचे दाणे, थोडे थाइम, ठेचलेला पातीचा कांदा, मीठ आणि वरून एक अख्खी मिरची ठेवून उकळी आणावी, मग आच अगदी मंद करून अठरा मिनिटे झाकून ठेवावे. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. मिरची आणि पातीचा कांदा काढून भात काट्याने मोकळा करावा आणि जर्कचे तुकडे पाच मिनिटे विसावल्यावरच त्यावर ठेवावेत. साल्सा मात्र भातावर न घालता वेगळ्या वाटीत द्यावा, कारण गरम भाताच्या वाफेने पाडाच्या फोडी मऊ पडतात.